बुडखा

महापेला रात्री नऊ ते सहा
मी फिनलंडची बिलं वाचते.
वाचते म्हणजे, मशीनला जे लागत नाही ते टाइप करते :
चुरगळलेला कागद, कुणाच्या कॉफीचा डाग
आणि त्याखाली दबलेला माल.
भाषा येत नाही. आकडे येतात.
आकडे, आणि आता आता पन्नासेक शब्द,
समोरच्या बिल्डिंगमधल्या माणसांसारखे,
चेहरा ओळखीचा, गाव ठाऊक नाही.

त्यातला एक, काली.
किलोला एक युरो एकोणतीस सेंट.

मला वाटायचं, देवीच्या नावाची अगरबत्ती असेल,
एवढ्या बर्फात कोण लावत असेल बाई.
पण अगरबत्ती किलोवर?

मग एका रात्री सर्व्हर झोपला
आणि मी शोधलं.
काली म्हणजे कोबी.

खाली आणखी लिहिलेलं होतं, न विचारता.
फिनलंडला हा शब्द स्वीडननं दिला,
स्वीडनला त्याहून जुन्या दर्यावर्दी लोकांनी,
त्यांना लॅटिननं.
तिथं तो होता काउलिस.
काउलिस म्हणजे देठ. दांडा.
आमच्या घरी म्हणतात तो, बुडखा.

आणि आपला कोबी?
तो पोर्तुगिजांच्या गलबतातून, त्यांच्या तोंडी कोव्ह,
पण बियाणं तेच, काउलिसचं.
एक भाऊ उत्तरेला गेला, गारठ्यात, ल छातीशी धरून.
दुसऱ्याचा ल वाटेत कुठं सांडला,
व उरला, कोकणच्या किनाऱ्यावर व चा ब झाला.
दोघांना शेवटी इकाराचं शेपूट मात्र सारखंच.
दोन हजार वर्षं भेट नाही
आणि रात्री साडेतीनला, महापेत,
माझ्या स्क्रीनवर.

सकाळी कोपरखैरणेला न जाता रिक्षा तुर्भ्याला नेली.
भाजी मार्केटात ओतूरची गाडी खाली होत होती.
अण्णा गोण टाकून आले,
मानेवरचा घट्टा पुसला, चहा बशीत ओतला.
मी सगळं सांगितलं, घाईघाईनं,
रोम, स्वीडन, गलबत.
ते फुंकर मारत ऐकत होते.
"म्हंजी नाव बुडख्याचं?"
"हो."
"अन् बुडखाच आपण..."
त्यांनी हनुवटीनं दाखवलं.

गाळ्याच्या कडेला सावळाबाई
कोयत्यानं गड्ड्याचं बूड उडवत होती,
खट्, खट्,
वरची हिरवी पानं एकीकडं,
बुडखे गाईंच्या ढिगाऱ्यात.
नाव तिकडं चाललं होतं.
माल इकडं, गोणीत, चार रुपये किलो.

तिनं एक बुडखा सोलून माझ्या हातावर ठेवला.
"खा. गोड असतो. मीठ हाय का कुणाकडं?"
मीठ नव्हतं.
मी तसाच कचाकचा खाल्ला, 
पाणीदार, थोडा तिखट,
मुळ्याच्या लांबच्या बहिणीसारखा.

अण्णा बशी विसळत म्हणाले,
"एवढ्या लांबनं आणला लोकांनी.
किती पाठी बदलल्या असतील.
वाराई कुणी दिली?"
मी हसले. ते हसले नाहीत.
"तुझ्या त्या बिलात हमाली कुठं लिवत्यात?"

रात्री पाहिलं.
माल, वजन, दर, कर.
पुन्हा वरपासून पाहिलं.
काली, अडीच किलो.
कागदाच्या कडेला कुणाचा तरी अंगठा उमटला होता,
ओला, मातकट.
तो कुठल्या रकान्यात टाइप करायचा,
हे ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं नाही.